आग्नेयेकडून येणारा १९.८ किलोहर्ट्झचा संकेत : प्रकल्प नोंदी (सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४)

५ सप्टेंबर २०२४, कोल्हापूर

पदव्युत्तर वर्गाच्या या वर्षीच्या प्रकल्पासाठी अतिनिम्न वारंवारतेच्या, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओ लहरींचा विषय आज नक्की झाला. या लहरींची तरंगलांबी १०० किलोमीटरपासून १० किलोमीटरपर्यंत असते. खाली जमीन किंवा समुद्र आणि वर आयनांबराचा (उंचावरील विद्युतभारित हवेच्या थराचा) तळ, या दोन वाहक पृष्ठभागांच्या मधल्या पोकळीतून त्या फारशा क्षीण न होता हजारो किलोमीटर जातात. यातील काही लहरी विजांपासून निर्माण होतात, तर काही नौदलांची केंद्रे मुद्दाम प्रक्षेपित करतात. दोन्ही प्रकारच्या लहरी एकाच पोकळीतून येत असल्यामुळे एकीचा अभ्यास दुसरीला सोडून करता येत नाही, आणि विद्यार्थ्यांनी दोन्ही ऐकाव्यात आणि मोजाव्यात असा माझा आग्रह आहे.

रोजच्या मोजमापासाठी आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थ वेस्ट केप येथील 'एनडब्ल्यूसी' हा संकेत निवडला आहे. एक्समथ गावाजवळचे हे नौदल संपर्क केंद्र १९६७ पासून काम करत आहे. त्याची वारंवारता १९.८ किलोहर्ट्झ आणि शक्ती १ मेगावॅट आहे. तेथील मधला मनोरा ३८७ मीटर उंच आहे, आणि तरीही ही उंची तरंगलांबीच्या जेमतेम चाळिसाव्या भागाएवढी भरते. एवढा खटाटोप पाणबुड्यांसाठी आहे. खाऱ्या पाण्यात २० किलोहर्ट्झची लहर दर पावणेदोन मीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते. हे प्रमाण कमी वाटले, तरी नेहमीच्या रेडिओ लहरींच्या मानाने ते फारच चांगले आहे, कारण त्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली जवळपास शिरतच नाहीत. या संकेतातील मजकूर सांकेतिक असतो आणि आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आम्हाला फक्त लहरीचे बळ मोजायचे आहे.

आपल्या नौदलाचेही असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे १९९० पासून आहे. ते आमच्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर असूनही मी ते मुख्य मोजमापासाठी घेतले नाही. तो मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे सूर्योदय-सूर्यास्ताची सीमारेषा तो पाव तासाच्या आत ओलांडून जाते. एनडब्ल्यूसीचा मार्ग मात्र सुमारे ६,१०० किलोमीटरचा असून रेखांशाचे ४० अंश व्यापतो. त्यामुळे दिवस आणि रात्र यांची सीमा त्या मार्गावरून सरकायला दोन तास चाळीस मिनिटे लागतात आणि तिचे सरकणे टप्प्याटप्प्याने पाहता येते. या प्रकल्पात मला सर्वांत अधिक रस आहे तो याच गोष्टीत.

९ सप्टेंबर

लूप अँटेनाची चौकट तयार झाली. एक मीटर बाजूचा लाकडी चौरस केला असून सांध्यांना पितळी स्क्रू वापरले आहेत, लोखंड कुठेही नाही. त्यावर २४ गेजच्या इनॅमल तांब्याच्या तारेचे ५० फेरे घेतले. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर घेतली, दोनशे मीटरला अर्ध्या किलोपेक्षा थोडी कमीच लागली. फेरे घेताना दोघांनी चौकट फिरवायची आणि तिसऱ्याने तार दोन बोटांत ताणून धरायची, असे काम चालले. ताण जरा जरी सुटला तरी कोपऱ्यावर फेरा सैल पडतो आणि पुढच्या फेऱ्याखाली दबतो. तेथेच इनॅमल खरवडले जाऊन दोन फेरे एकमेकांना टेकण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक थर पुरा झाल्यावर कोपऱ्यांना वॉर्निशचा हात दिला आणि तो सुकेपर्यंत पुढचा थर घेतला नाही. शेवटी मल्टिमीटरवर रोध मोजला, तो सुमारे १४ ओहम आला. एवढ्या लांबीच्या या तारेचा हिशेबही तेवढाच निघतो, म्हणजे कोठेही फेरे टेकलेले नाहीत.

अशा चौकटीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे विद्यार्थ्यांकडून आधीच काढून घेतले. मीटरमागे १ मिलिव्होल्ट एवढे विद्युतक्षेत्र असणाऱ्या लहरीचे चुंबकीय क्षेत्र ३.३ पिकोटेस्ला असते. १९.८ किलोहर्ट्झला ते ५० फेऱ्यांच्या एक चौरस मीटर चौकटीत सुमारे २० मायक्रोव्होल्ट निर्माण करते. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र याच्या कोटीपटीहून मोठे आहे, पण ते जवळजवळ स्थिर असल्यामुळे चौकटीला जाणवत नाही. २० मायक्रोव्होल्ट हजार पटींनी वाढवले की ते संगणकाच्या साउंड कार्डला पुरेसे होतात. कार्ड सेकंदाला ९६,००० नमुने घेणारे आहे, त्यामुळे ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एकदमच नोंदवला जाईल आणि वेगळ्या रेडिओ संचाची गरज पडणार नाही.

१४ सप्टेंबर

चौकट शहराबाहेर एका विद्यार्थ्याच्या मळ्यातील खोलीपासून बरीच दूर, उसाच्या कडेला उभी केली आहे. पहिले दोन दिवस केवळ कृत्रिम गोंगाटाच्या अभ्यासात गेले. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण एकटी येत नाही, तिच्या पटीतील वारंवारता १० किलोहर्ट्झच्याही पुढे जातात आणि स्पेक्ट्रोग्रामवर (कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेचे बळ किती, हे दाखवणाऱ्या चित्रावर) आडव्या रेघांची दाट जाळी पडते. थ्री फेज लाइट आली आणि आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप सुरू झाले की ही जाळी आणखी गडद होते. स्टार्टर पडतो त्या क्षणी सगळ्या पट्ट्यावर एक उभी रेघ उमटते. ती दिसायला विजेच्या कडकडाटाच्या रेघेसारखीच असते, म्हणून पंपांच्या वेळा वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. गणेशोत्सवामुळे वस्तीत एलईडीच्या माळा लागल्या आहेत. त्यांच्या स्वस्त वीजपुरवठा खोक्यांतून २० किलोहर्ट्झच्या वरचा भाग पार गढूळ होतो. काल रात्री लाइट गेली तेव्हा बॅटरीवर चालू असलेल्या आमच्या संचावर सगळी जाळी एका क्षणात नाहीशी झाली आणि मागे फक्त निसर्गाचा आणि नौदलांच्या केंद्रांचा भाग उरला. विद्यार्थ्यांना जे दाखवण्यासाठी मी दोन तास बोललो असतो, ते त्यांना तेवढ्यात दिसले.

या अडचणीचा महाराष्ट्रातील इतिहास जुना आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे बिघडणार हे वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखले आणि अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तेथे १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली, त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींची सांधजोड झाली आणि कुलाब्याची मालिका तुटली नाही. ट्राम आल्या त्या १९०७ मध्ये. गोंगाट येण्याच्या आधी जागा बदलणे आणि मधला काळ दोन्हीकडे मोजणे, हा शहाणपणा आजही आदर्श मानावा असा आहे.

आमच्यापुरता उपाय दिशेचा आहे. चौकटीच्या पातळीत येणारी लहर पूर्ण बळाने पकडली जाते आणि पातळीला काटकोनात येणारी जवळजवळ शून्य होते. येथून एनडब्ल्यूसीची दिशा उत्तरेपासून सुमारे १३३ अंश, म्हणजे आग्नेय आहे. चौकट त्या रेषेत ठेवली आणि सुदैवाने ट्रान्सफॉर्मर ईशान्येला असल्यामुळे तो शून्याच्या दिशेत गेला. गुणगुण लक्षणीय उतरली.

१९ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी होऊन गेली, माळा उतरल्या आणि स्पेक्ट्रोग्राम वाचण्यासारखा झाला. १९.८ किलोहर्ट्झवर एनडब्ल्यूसीचा पट्टा ठळक आणि अखंड दिसतो. तो रेघ नसून पट्टा आहे, कारण संदेश सेकंदाला २०० चिन्हांच्या गतीने वारंवारतेत किंचित बदल करून पाठवला जातो. २२.२ किलोहर्ट्झवर जपानच्या एबिनो येथील 'जेजेआय' दिसतो. त्याची दिशा आमच्या चौकटीशी बरीच तिरकी असल्यामुळे तो तिसऱ्या हिश्श्याने पकडला जातो, तरीही तो ओळखू येतो. हा दुसरा संकेत फार उपयोगी आहे. एनडब्ल्यूसी अचानक नाहीसा झाला आणि जेजेआय तसाच राहिला, तर प्रक्षेपण थांबलेले असते. दोन्ही एकदम गेले, तर दोष आमच्या केबलमध्ये किंवा बॅटरीत असतो. मुलांनी हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

संगणकाचे घड्याळ दर तासाला इंटरनेटवरून जुळवले जाते. बळाची नोंद दर पाच सेकंदांनी होते.

२६ सप्टेंबर

रोजच्या आलेखाचा आकार आता पाठ झाला आहे. भर दिवसा रेषा संथ असते, सकाळपासून दुपारपर्यंत थोडी चढते आणि मग तशीच उतरते. रात्री बळ वाढते, पण रेषा अस्थिर होते. या दोन अवस्थांच्या मध्ये, दुपारी पावणेचार ते संध्याकाळी साडेसहा या वेळात रेषेत खोल खळगे पडतात. पहाटे पावणेचार ते साडेसहा या वेळात ते आणखी खोल असतात.

दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा भाग, म्हणजे डी-थर, सुमारे ७० किलोमीटरवर असतो. सूर्याच्या अतिनील प्रकाशातील लायमन-अल्फा या एका रेषेमुळे तेथील अत्यल्प नायट्रिक ऑक्साइडचे आयनीकरण होते आणि थर टिकून राहतो. सूर्य मावळला की तेथील इलेक्ट्रॉन काही मिनिटांत रेणूंना चिकटतात आणि परावर्तनाची उंची ८५ किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे दिवसाची पोकळी बुटकी आणि रात्रीची उंच असते. संध्याकाळी आमच्या मार्गाचा ऑस्ट्रेलियाकडील भाग अंधारात आणि आमच्याकडील भाग उजेडात असतो, त्यामुळे पोकळीच्या छताला मध्येच एक पायरी पडते. लहर एकाच रूपात प्रवास करत नाही. तिची दोन-तीन रूपे वेगवेगळ्या गतीने एकाच वेळी जात असतात आणि या पायरीशी एका रूपाचा काही अंश दुसऱ्या रूपात जातो. पायरी पश्चिमेकडे सरकते तसतशी ही रूपे कधी एकमेकांना पूरक होतात, कधी मारक. हे स्पष्टीकरण क्रॉम्बी या संशोधकांनी १९६४ मध्ये दिले. त्यातून निघणारा अंदाज असा, की पायरी दोनएक हजार किलोमीटर सरकली की पुढचा खळगा यावा. आमच्या मार्गावर ती मिनिटाला सुमारे ३८ किलोमीटर सरकते. खळगे पाऊण ते एक तासाच्या अंतराने पडतात, हे आलेखावर मोजून पाहिले आणि हिशेब जुळला. साठ वर्षांपूर्वीचा विचार मळ्यातल्या चौकटीवर असा उतरताना पाहणे हा माझ्यासाठी या महिन्याचा सर्वांत मोठा आनंद आहे.

२ ऑक्टोबर

काल रात्री, जागतिक वेळेनुसार २२ वाजून २० मिनिटांनी, सूर्यावर एक्स ७.१ वर्गाची ज्वाला शिखरावर होती (एक्स हा सर्वांत प्रबळ ज्वालांचा वर्ग, आणि पुढचा आकडा क्ष-किरणांच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो). भारतीय वेळेनुसार ही आज पहाटेची ३.५० होते. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात, डी-थराच्या खालच्या भागात जादा आयनीकरण करतात आणि पोकळीचे छत काही किलोमीटर खाली आणतात. उजेडात असलेल्या मार्गावर संकेताच्या बळात एकदम बदल दिसावा.

आमच्या आलेखावर त्या वेळेला सूर्योदयाचा पहिला खळगा आहे. असाच खळगा आधीच्या दिवशीही तेथेच होता. पहाटे ३.५० ला कोल्हापूरसह मार्गाचा बहुतेक भाग रात्रीत होता आणि सूर्य फक्त एक्समथला नुकताच उगवला होता. उजेडातल्या तेवढ्या तुकड्यावरही क्ष-किरण अगदी तिरपे आले असणार. या ज्वालेचा परिणाम वेगळा काढून दाखवता येणार नाही, असे वहीत लिहिले. आधीच्या दिवसांचे आलेख एकावर एक ठेवून पाहण्याची सवय यापुढे सर्वांनी लावून घ्यायची आहे. एका दिवसाचा आलेख एकटा पाहिला असता, तर त्या खळग्याला कोणीही ज्वालेची खूण समजले असते.

४ ऑक्टोबर

काल घटस्थापनेच्या दिवशी एक्स ९.० वर्गाची ज्वाला झाली. सध्याच्या सौरचक्रात (सूर्याच्या सक्रियतेच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउतारात) आतापर्यंत नोंदलेली ही सर्वांत प्रबळ ज्वाला आहे. शिखराची जागतिक वेळ १२.१८, म्हणजे आपली संध्याकाळी ५.४८, कोल्हापुरात सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास उरला होता. मुले संदेश पाठवून विचारत होती, आणि मी सर्वांना आलेखाआधी नकाशा काढायला सांगितले.

एक्समथला सूर्य आपल्या दुपारी पावणेचारच्या सुमारास मावळला होता. दिवसाची सीमा संध्याकाळी ५.४८ ला साधारण ८३ अंश पूर्व रेखांशावर होती, म्हणजे जमिनीवरून पाहता मार्गाचा शेवटचा पाचवा हिस्साच उजेडात होता. ७० किलोमीटर उंचीवर ऊन आणखी अर्धा तास रेंगाळते, म्हणून तेथे उजेडातला भाग जास्त धरावा लागेल, पण तरीही तो निम्म्यापेक्षा कमीच. आलेखावर ५.४५ नंतर रेषा वर उचललेली दिसते आणि संध्याकाळचा शेवटचा खळगा इतर दिवसांपेक्षा उथळ आणि उशिरा आलेला आहे. परिणाम आहे, याबद्दल शंका नाही. पण तो सूर्यास्ताच्या बदलात इतका मिसळलेला आहे, की ज्वालेमुळे बळ किती वाढले असा एक आकडा त्यातून काढणे बरोबर होणार नाही. एवढ्या मोठ्या ज्वालेची अशी खूण पाहून दोघे-तिघे विद्यार्थी नाराज झाले. मला मात्र हा आलेख फार मोलाचा वाटतो, कारण आपण सूर्य मोजत नसून मार्ग मोजतो, हे इतक्या स्पष्टपणे एरवी दाखवता आले नसते.

९ ऑक्टोबर

आज सकाळी ७.२६ ला (जागतिक वेळ १.५६) एक्स १.८ वर्गाची ज्वाला झाली. ३ तारखेच्या ज्वालेच्या बरोबर एक पंचमांश. येथे सूर्य उगवून तास झाला होता आणि एक्समथला चांगला दिवस वर आला होता, म्हणजे पूर्ण मार्ग उजेडात होता. आलेखावर सकाळची संथ रेषा काही मिनिटांत सरळ वर गेली, माथ्यावर क्षणभर सपाट झाली आणि मग तासाभराहून अधिक वेळ हळूहळू उतरत मूळ पातळीवर आली. चढ उभा आणि उतार लांब, असा हा आकार आहे. ज्वाला ओसरली तरी जादा इलेक्ट्रॉन लगेच नाहीसे होत नाहीत, म्हणून उतार लांबतो. माथाही क्ष-किरणांच्या शिखरानंतर काही मिनिटांनी आला. आयनांबराचे अभ्यासक ॲपलटन यांनी त्याच्या या मंदपणाची मीमांसा केली होती. इलेक्ट्रॉन निर्माण होण्याचा आणि नाहीसे होण्याचा वेग यांची बरोबरी व्हायला थोडा वेळ लागतो आणि तोपर्यंत मूळ कारण उतरणीला लागलेले असते. त्या विलंबावरून इलेक्ट्रॉन किती वेगाने नाहीसे होतात याचा अंदाज करता येतो. हे काम एका विद्यार्थिनीकडे दिले आहे.

२, ३ आणि ९ ऑक्टोबर हे तीन आलेख एका कागदावर छापून प्रयोगशाळेत लावले. त्यांत सर्वांत लहान ज्वालेची खूण सर्वांत ठळक आहे.

११ ऑक्टोबर

९ तारखेला सूर्यावरून निघालेला वायूचा लोट काल पृथ्वीवर पोहोचला आणि तीव्र चुंबकीय वादळ झाले. लडाखमधील हानले येथून रात्री आकाशात लाल प्रकाश दिसला. आमच्या आलेखावर रात्रीच्या नेहमीच्या अस्थिरतेपेक्षा वेगळे काही सांगता येत नाही. एवढीच नोंद.

१७ ऑक्टोबर

काल कोजागरीच्या रात्री गगनबावड्याच्या बाजूच्या एका सड्यावर विजेच्या तारांपासून दूर जाऊन नैसर्गिक लहरी ऐकल्या. यासाठी चौकट नेली नव्हती. दीड मीटरची उभी कांब, तिच्या बुडाशी एफईटी या ट्रान्झिस्टरचा वर्धक आणि हेडफोन, इतकाच सरंजाम. या पट्ट्याचा खालचा भाग माणसाच्या श्रवणकक्षेतच येतो, त्यामुळे वारंवारता बदलण्याची काही गरज नसते. रेडिओ लहर आहे तशी विद्युत संकेतात आणि मग आवाजात येते.

कानाला हेडफोन लावताच गरम तेलात मोहरी तडतडावी तसा अखंड तडतडाट ऐकू आला. हे स्फेरिक्स, म्हणजे विजांचे स्पंद. परतीच्या पावसाचे ढग दक्षिणेला होते, पण तेवढ्याने इतका तडतडाट होत नाही. आग्नेय आशिया आणि हिंदी महासागरावरील विजाही त्यात असणार. विजेचा एक तडाखा सगळ्या वारंवारता एकदम निर्माण करतो. त्यातील सर्वाधिक ऊर्जा ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि हा स्पंद हजारो किलोमीटरवर पोहोचतो.

रात्री नऊनंतर या तडतडाटात ट्वीक मिसळू लागले. 'ट्युंग' असा, तार छेडल्यासारखा पण अतिशय आखूड नाद. तडाखा फार दूरचा असला, की त्यातील उच्च वारंवारता आधी आणि २ किलोहर्ट्झच्या जवळच्या वारंवारता मागून येतात. कारण पुन्हा तीच पोकळी. उंची 'उ' असलेल्या पोकळीतून पहिल्या रूपाची लहर प्रकाशाचा वेग भागिले दुप्पट 'उ' एवढ्या वारंवारतेच्या खाली जाऊच शकत नाही, आणि या सीमेच्या लगतच्या वारंवारता अगदी रखडत जातात. सीमा १.७ किलोहर्ट्झ धरली आणि स्पंद तीन हजार किलोमीटरवरून आला असला, तर २ किलोहर्ट्झचा भाग सुमारे ९ मिलिसेकंद मागे राहतो. कान हा उशीर सुरांच्या घसरणीच्या रूपाने ओळखतो.

आज सकाळी ध्वनिमुद्रणाचा स्पेक्ट्रोग्राम काढला. ट्वीकची उभी रेघ खाली येता येता उजवीकडे वळते आणि हॉकीच्या काठीसारखा आकार तयार होतो. वळणाचा तळ मध्यरात्रीच्या सुमारास १.७ ते १.७५ किलोहर्ट्झच्या दरम्यान आहे. १.७५ वरून उंची ८५.७ किलोमीटर आणि १.७ वरून ८८.२ किलोमीटर निघते. दीड मीटरची कांब आणि एक वर्धक यांनी ८५ किलोमीटर वरच्या छताची उंची दोन-तीन किलोमीटरच्या आत सांगितली. तेथे फुगा पोहोचत नाही, उपग्रह टिकत नाही, अग्निबाण मिनिटभर जातो आणि खाली येतो. याच कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील १.९८ मेगाहर्ट्झच्या रडारने याच उंचीवरील वाऱ्यांची मोजमापे केली आहेत. मोठ्या उपकरणाने आणि लहान उपकरणाने एकाच थराकडे पाहता येते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे म्हणून येथे लिहिले.

एका विद्यार्थ्याला शिळा ('व्हिसलर', म्हणजे शीळ घातल्यासारखे ऐकू येणारे नैसर्गिक संकेत) ऐकायच्या होत्या, आणि त्या ऐकू आल्या नाहीत. त्याचे कारण त्याच्याकडूनच काढून घेतले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या बाजूने शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना बार्कहाउझेन या भौतिकशास्त्रज्ञांना वरून खाली घसरणाऱ्या शिळा ऐकू आल्या आणि १९१९ मध्ये त्यांनी त्यांविषयी लिहिले. केंब्रिजमधील स्टोरी यांनी १९५३ मध्ये उलगडा केला. विजेच्या स्पंदाचा काही अंश आयनांबर भेदून वर जातो, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषेच्या आधाराने दुसऱ्या गोलार्धात उतरतो, आणि या लांबच्या प्रवासात कमी वारंवारता मागे पडत जातात. तेवढे मागे पडण्यासाठी हजारो किलोमीटर उंचीवरही अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन असले पाहिजेत, हे त्यांनी उपग्रह उडण्याच्या आधीच जमिनीवरून दाखवले. आता कोल्हापूरचा हिशेब. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत, की येथून निघणारी क्षेत्ररेषा जास्तीत जास्त दीडशे-दोनशे किलोमीटर वर जाऊन परत खाली येते, म्हणजे ती आयनांबराच्या बाहेर पडतच नाही. वाराणसीची रेषा पाचएकशे आणि गुलमर्गची बाराशे-तेराशे किलोमीटरपर्यंत जाते. भारतात शिळांच्या नोंदी गुलमर्ग, नैनिताल आणि वाराणसी येथे झाल्या, त्या याच कारणाने. हा हिशेब त्या विद्यार्थ्याने सड्यावर चंद्रप्रकाशात वहीवर केला आणि मग हेडफोन पुढच्याला दिला.

२४ ऑक्टोबर

आज सकाळी ९.२७ ला एक्स ३.३ वर्गाची ज्वाला झाली. पूर्ण मार्ग उजेडात आणि एक्समथला मध्यान्ह. ९ तारखेसारखाच उभा चढ आणि लांब उतार मिळाला. चढ त्या दिवशीपेक्षा मोठा आहे, पण ज्वालेच्या प्रमाणात मोठा नाही. छत खाली आणण्यासाठी लागणारे क्ष-किरण हवेच्या अधिकाधिक दाट थरांत शोषले जातात, त्यामुळे प्रत्येक पुढच्या किलोमीटरला आधीच्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते. शिवाय आज सूर्य मार्गावर अधिक उंच होता. या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी साधारण याच वेळेच्या आणखी ज्वाला मिळायला हव्यात. सौरचक्र सध्या शिखराच्या आसपास आहे, त्यामुळे थांबणे व्यर्थ जाणार नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत एका विद्यार्थिनीने विचारले, की एक मेगावॅटचा हा संकेत फक्त पोकळीतच राहतो का. राहत नाही. विशेषतः रात्री त्याचा काही भाग वर गळतो. २००४ मध्ये सोडलेल्या डेमेटर या फ्रेंच उपग्रहाने एनडब्ल्यूसीच्या लहरी अवकाशात नोंदवल्या. त्या लहरींमुळे प्रारण पट्ट्यातील (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांच्या पट्ट्यातील) इलेक्ट्रॉन आपल्या कक्षेतून ढळून वातावरणाकडे वळतात, हेही त्याच उपग्रहावर स्पष्ट दिसले. पाणबुडीला निरोप देण्यासाठी बांधलेले केंद्र, कोणी तसे ठरवलेले नसताना, पृथ्वीभोवतीच्या कणांवर परिणाम करत आहे. हाच परिणाम मुद्दाम घडवून पाहण्याचे काम अमेरिकन शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील सायपल केंद्रावर १९७३ ते १९८८ या काळात केले. तेथे बर्फावर मैलोन् मैल तार पसरून लहरी वर पाठवल्या जात आणि क्षेत्ररेषेच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातील क्वेबेक प्रांतात, त्या ऐकल्या जात.

निसर्गातही हे घडते. विजेपासून निघालेली शीळ कणांना खाली ढकलते, ते डी-थरात शिरतात आणि तेथून जाणाऱ्या नौदल-संकेताचे बळ एकदम बदलून मिनिटभरात पूर्ववत होते. म्हणजे विजेच्या लहरीचा अवकाशातील परिणाम ओळखण्याचे साधन माणसाने दुसऱ्याच हेतूने पाठवलेली लहर ठरते. या अवलंबित्वामुळे मला हा विषय इतकी वर्षे सोडवत नाही. आमच्या अक्षांशावर मात्र अशा घटनांची अपेक्षा धरू नये.

११ नोव्हेंबर

पहिल्या चौकटीला काटकोनात दुसरी चौकट उभी केली. दोन्हींचे संकेत साउंड कार्डच्या डाव्या आणि उजव्या वाहिनीत घेतले आहेत. एका स्फेरिकचे दोन्ही वाहिन्यांतील बळ किती आहे, त्या गुणोत्तरावरून वीज कोणत्या रेषेत पडली हे काढता येते. पुढे की मागे हे ठरवण्यासाठी मात्र सड्यावरची उभी कांबही तिसरी वाहिनी म्हणून जोडावी लागेल. दोन वाहिन्यांचे साउंड कार्ड त्याला पुरत नाही, चार वाहिन्यांचे मागवले आहे.

नवी चौकट ईशान्येच्या रेषेत उभी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर बरोबर तिच्या पातळीत येतो आणि गुणगुण पहिल्या चौकटीपेक्षा कितीतरी जास्त आहे. जपानचा जेजेआय मात्र आता ठळक मिळतो. त्याचा मार्ग जपानपासून चीन आणि ईशान्य भारतावरून येतो आणि त्यावर सूर्यास्ताची सीमा एनडब्ल्यूसीच्या मार्गापेक्षा वेगळ्या कोनात सरकते. दोन्हींच्या खळग्यांच्या वेळा डिसेंबरच्या अखेरपर्यंत रोज लिहायच्या आहेत. सूर्य दक्षिणेला जाईल तसतसा दोन वेळांमधला फरक कसा बदलावा, याचे कोष्टक आज मुलांनी आधीच काढून ठेवले. रात्री दहापासून दोन्ही वाहिन्यांचे मुद्रण चालू आहे.